वाचकांचे प्रश्न : गाडीच्या रंगावरचे क्षाराचे डाग

प्रश्न : माझी गाडी गडद निळ्या रंगाची असून तिला अडीच वर्षे झाली. आमचे घर द्राक्षबागेला लागून आहे आणि घरात, गोठ्यात, बागेत सगळीकडे बोअरचेच पाणी वापरले जाते. उन्हाळ्यात दुपारी पाइपने गाडी धुऊन ती अंगणातच उभी करायची, अशी सवय होती. आता बॉनेट, टप आणि काचांवर पांढरे गोल डाग दिसतात. ओले फडके फिरवले की ते गेल्यासारखे वाटतात आणि वाळले की पुन्हा दिसतात. वॉशिंग सेंटरवाले ‘रबिंग मारून घ्या’ म्हणतात. धाकटा भाऊ म्हणतो की ठिबकच्या नळ्यांसाठी आणलेले अ‍ॅसिड पातळ करून फिरवू. काय करावे?
— एक वाचक, तासगाव तालुका

उत्तर : प्रथम आपल्या भावाला थांबवावे. त्यांचा विचार मुळात चुकीचा नाही, कारण लॅटरलच्या (ठिबकच्या बारीक नळीच्या) छिद्रात बसणारा क्षार आणि आपल्या बॉनेटवरचा डाग हे बहुतांशी एकच द्रव्य आहे, ते म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि ते आम्लात विरघळते. परंतु ठिबकच्या आम्ल प्रक्रियेसाठी आणलेले हायड्रोक्लोरिक किंवा सल्फ्युरिक आम्ल फार तीव्र असते. प्लॅस्टिकची नळी ते सोसते. गाडीवर मात्र रंगाच्या जोडीला क्रोम, अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या, रबर आणि जोडांमधला उघडा पत्रा असतो, आणि अंदाजाने पातळ केलेले असे आम्ल यांतील कशाला कधी खाईल, याचा भरवसा नसतो. संडास-बाथरूम साफ करण्याच्या अ‍ॅसिडलाही हेच लागू आहे.

डाग कसा तयार होतो हे कळले, की तो कसा काढायचा हेही आपोआप कळते. आपल्या भागातले बोअरचे पाणी काळ्या बेसॉल्ट खडकाच्या फटींतून येते आणि येताना कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून आणते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००, २०१२) कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत सवलत आहे. ६०० मिलिग्रॅमच्या पाण्याचा हिशेब केला, तर दहा लिटरच्या एका बादलीत सहा ग्रॅम, म्हणजे चमचाभर खडूच्या भुकटीइतका ऐवज विरघळलेला असतो. उन्हात तापलेल्या बॉनेटवर असा थेंब पडला की पाणी पाहता पाहता उडून जाते आणि क्षार मागे राहतो. थेंबाच्या कडेला तो जास्त साचतो, म्हणूनच डागाला कडे असते. ओले केल्यावर डाग दिसेनासा होतो, कारण त्याचा खरखरीतपणा पाण्याने भरून निघतो. डाग गेला की नाही याची पारख पृष्ठभाग पूर्ण वाळल्यावरच करावी.

बादलीच्या काठावर किंवा नळाच्या तोटीवर जमलेली पांढरी खपली काढून तिच्यावर पांढऱ्या व्हिनेगरचे दोन थेंब टाकून पाहावेत. बारीक बुडबुडे उठतात आणि खपली हळूहळू कमी होत जाते. गाडीवरही हेच घडवून आणायचे आहे. घासणीने आणि जोराने पुसून क्षार निघत नाही. तो कणाकणाने रंगावर ओढला जातो आणि मग डागांच्या जोडीला ओरखडेही येतात.

आता कृती. सकाळी, सावलीत, पत्रा तळहाताला थंड लागत असताना गाडी कार शॅम्पूने धुऊन घ्यावी, म्हणजे धूळ राहणार नाही. मग पांढरे व्हिनेगर आणि बॅटरीत घालण्याचे डिस्टिल्ड वॉटर समप्रमाणात मिसळावे. दाराच्या खालच्या कोपऱ्यात, सहज न दिसणाऱ्या जागी, आधी थोडेसे लावून पाहावे. तेथे रंगात फरक पडला नाही, तर मऊ मायक्रोफायबर कापड या मिश्रणात भिजवून डागांवर एक ते दोन मिनिटे नुसते पसरून ठेवावे, जोर न देता एकदा पुसावे आणि लगेच भरपूर पाण्याने धुवावे. एका वेळी फूट-दीड फुटाचाच भाग घ्यावा, कारण मिश्रण रंगावर वाळता कामा नये. डाग फिका होऊन उरला, तर हेच दोन-तीनदा करावे, मात्र मिश्रण अधिक तीव्र करू नये. काम संपले की शॅम्पूने पुन्हा धुऊन गाडी कोरडी करावी आणि वॅक्स लावावे, कारण व्हिनेगरमुळे रंगावरचा आधीचा वॅक्सही कमी होतो. आणखी एक सांगून ठेवतो : अंगणात शहाबादी फरशी असेल तर हे काम तिच्यावर करू नये. ती फरशी चुनखडकाची असते आणि व्हिनेगरने तिची चमक जाते.

एवढे करूनही काही डाग राहतील. त्याचे एक कारण असे की पाण्यातला सिलिका व्हिनेगरला दाद देत नाही. अशा वेळी क्ले बार, म्हणजे रंगाला चिकटलेले कण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी, वापरावा. तो भरपूर ओलावा देणाऱ्या द्रवासोबत हलक्या हाताने फिरवायचा असतो, आणि जमिनीवर पडला तर टाकून द्यायचा असतो, कारण त्याला चिकटलेली वाळू रंगावर रेघा ओढते.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. धुऊन वाळवलेल्या बॉनेटवर, बोटांवर पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून, बोटे अलगद फिरवावीत. खरखर लागली तर क्षार अजून रंगाच्या वर आहे. पृष्ठभाग गुळगुळीत लागत असूनही कडे दिसत असेल, तर रंगावरच्या पारदर्शक थरात खळगा पडला आहे आणि तेथे विरघळवण्यासारखे काही उरलेले नाही. हा पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ असतो. रबिंग म्हणजे हाच थर थोडा झिजवून खळग्याच्या तळाशी आणणे होय. म्हणून सरसकट सगळ्या गाडीला रबिंग करून घेण्यास माझा स्पष्ट विरोध आहे. ज्या पत्र्यावर खळगे आहेत तेवढ्यालाच, आधी बारीक पॉलिशने, आणि शक्य तर रंगाची जाडी मोजण्याचे यंत्र असलेल्या कारागिराकडून काम करून घ्यावे. खोल गेलेले दोन-चार डाग राहू द्यावेत. ते दिसतील, पण त्यांच्यापायी थर संपला तर उन्हाने रंगच उडतो आणि मग पत्रा पुन्हा रंगवण्यावाचून इलाज राहत नाही.

काचांसाठीही हेच व्हिनेगरचे मिश्रण चालते. हट्टी डागांना काचेसाठी मिळणारे सेरियम ऑक्साइडचे पॉलिश वापरावे, पण ते रंगाला लावू नये. बागेवर बोर्डो या बुरशीनाशकाची फवारणी असेल त्या दिवशी गाडी वाऱ्याच्या दिशेला ठेवू नये. त्यात चुना असल्याने त्याचे शिंतोडेही असेच बसतात. ते ओले असतानाच धुऊन टाकावेत.

यापुढे दुपारचे धुणे बंद करावे. बोअरच्या पाण्यानेच धुवावे लागणार असेल, तर एक एक भाग धुऊन लगेच कोरडा करावा. पावसाळ्यात पहिल्या काही सरींनी छप्पर धुऊन निघाल्यावर पागोळ्यांखाली पिंप लावून ठेवले, तर शेवटी विसळण्यासाठी त्या पाण्याइतके उत्तम पाणी नाही, कारण त्यात क्षार जवळपास नसतोच.

प्रश्न : आरओ फिल्टरमधून वाया जाणारे पाणी साठवून मी रोज गाडी पुसते. पाण्याची बचत होते, पण काळ्या रंगावर पांढुरका पडदा येतो. फिल्टर बिघडला असेल का?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : फिल्टर ठीक आहे. चार लिटर पाण्यातून एक लिटर शुद्ध पाणी निघाले, तर चार लिटरांतले जवळजवळ सगळे क्षार उरलेल्या तीन लिटरांत जातात. म्हणजे आपण नळाच्या पाण्यापेक्षाही अधिक क्षाराच्या पाण्याने गाडी पुसत आहात. ताई, आपली बचतीची तळमळ योग्यच आहे. ते पाणी फरशी पुसायला आणि संडासात टाकायला वापरावे. गाडीला नळाचे अर्धी बादली पाणी आणि दोन स्वच्छ कापडे पुरतात, एक ओले आणि दुसरे कोरडे. धूळ आधी पाण्याने सोडवल्याशिवाय मात्र पुसू नये. आलेला पडदा वरच्या उत्तरातील कृतीने निघेल.

प्रश्न : सिरॅमिक कोटिंग केले तर डाग पडणारच नाहीत, असे दुकानदार सांगतात. खरे आहे का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : नाही. कोटिंगवर पाणी पसरत नाही, त्याचे टपोरे मणी होतात. गाडी चालत असेल तर ते घरंगळून जातात, पण उभ्या गाडीच्या टपावर ते तसेच राहून वाळतात आणि डाग पडतोच. फरक इतकाच, की रंगाआधी कोटिंगला झळ बसते आणि डाग लवकर काढला तर तो सहज निघतो. कोटिंग करायचे असेल तर जरूर करावे, पण धुतल्यावर गाडी कोरडी करण्याचे काम त्याने टळत नाही.