आंबोलीच्या जंगलातून गोव्याचा आवाज

प्रश्न : गोवा मुक्तिसंग्रामाच्या काळात आंबोलीच्या जंगलातून एक गुप्त रेडिओ केंद्र चालत असे, असे ऐकले. आंबोली तर तेव्हा स्वतंत्र भारतातच होती. मग केंद्र गुप्त का ठेवावे लागले, आणि त्याचा कितपत उपयोग झाला?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी २५ नोव्हेंबर १९५५ पासून ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ हे केंद्र कोकणी आणि पोर्तुगीज भाषांत चालवले. आंबोली भारतात असली, तरी गोव्याची हद्द तेथून जवळच होती. ठावठिकाणा उघड झाला असता, तर पोर्तुगीज हस्तकांकडून घातपात होण्याचा धोका होता.

उपयोग समजून घेण्यासाठी त्या वर्षाची परिस्थिती ध्यानात घ्यावी. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्यात शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला, वीसहून अधिक जण हुतात्मा झाले आणि त्यानंतर भारताने हद्द बंद केली. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत गोव्यातील छापील मजकुरावर इतकी कडक नजर होती, की लग्नपत्रिकाही परवानगीवाचून छापता येत नसे. अशा वेळी, बाहेरची वर्तमानपत्रे पोहोचेनाशी झाली असताना, पोर्तुगीज प्रचाराला उत्तर देणारी बातमी गोवेकरांच्या घरात न्यायला रेडिओ हेच सर्वांत खात्रीचे साधन उरले होते. प्रसारण पोर्तुगीजमधूनही करण्यामागची दूरदृष्टी मला फार मोलाची वाटते, कारण त्यामुळे हे म्हणणे थेट राज्यकर्त्यांच्या आणि त्यांच्या सैनिकांच्या कानी जात होते.

आंबोलीचा पाऊस आपण जाणताच. त्या जंगलात, लोकवस्तीपासून दूर राहून रोज बातम्या मिळवणे, लिहिणे आणि वाचणे हे काम या दोघांनी निष्ठेने केले. पुढे केंद्र गोव्याच्या हद्दीजवळच्या, आज कर्नाटकात असलेल्या कॅसलरॉकला हलवले गेले आणि मुक्तीपर्यंत चालू राहिले. १९ डिसेंबर १९६१ रोजी दोघांनी विमानातून, ध्वनिवर्धकावरून, पोर्तुगीजांच्या शरणागतीची वार्ता गोव्याला ऐकवली.

१९६४ मध्ये त्यांचा विवाह झाला. लिबिया लोबो सरदेसाई यांना पद्मश्री जाहीर झाली ती मात्र २०२५ मध्ये, त्यांच्या वयाच्या शंभराव्या वर्षी. १९४२ च्या मुंबईतील गुप्त काँग्रेस रेडिओमुळे उषा मेहता यांचे नाव आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. त्याच आदराने या दोघांचे कार्य शालेय पुस्तकांत यायला हवे.