तिघांनी चौथ्याला वर कसं आणायचं?

प्रश्न : ताई, आम्ही चाळीसगावचे चौघे मित्र. कड्यांवरून दोराने उतरण्याचा सराव आहे. या थंडीत मेघालयातल्या उभ्या गुहांत उतरायचं म्हणतोय. ३० मीटर खाली एकाचा पाय मोडला तर उरलेले तिघे त्याला वर ओढू शकतील का? मळ्यातल्या कोरड्या विहिरीत सराव केला तर चालेल का?
– एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : भावांनो, ओढू शकाल. पण तुमचा जखमी तळाशी पोचलेला आहे. मला धास्ती वाटते ती दोरावरच अडकलेल्याची. दगड लागून शुद्ध हरपलेला माणूस हार्नेसमध्ये, म्हणजे कमरेच्या-मांड्यांच्या पट्ट्यांत, निश्चल लटकला, तर पायांतलं रक्त नीट परतत नाही आणि काही मिनिटांत जीव धोक्यात येतो. बाहेरची मदत यायला तास लागतात, म्हणजे सोडवणारे तुम्हीच. त्याच्यापर्यंत पोचायचं, आखूड पट्ट्याने त्याला आपल्या डिसेंडरला (दोरावरून उतरायच्या साधनाला) जोडायचं, मग पायाच्या दोराचा फास कॅराबिनरमधून (उघडझाप होणाऱ्या कडीतून) फिरवून आपल्या वजनाने त्याला चार बोटं उचलायचं. त्याच्या छातीजवळच्या क्रोलवरचा, म्हणजे दोर पकडून ठेवणाऱ्या चढायच्या साधनावरचा, भार सुटला की तो उघडायचा आणि दोघांनी एकत्र उतरायचं. खाली आल्यावर त्याला आडवं झोपवा. पूर्वी बसवून ठेवायला शिकवत. तो सल्ला आता मागे पडलाय. चौघांपैकी एकालाही हे अंधारात जमत नसेल, तर मेघालयाची तिकिटं काढू नका.

आता ओढण्याचं. कप्प्यांची तीनास एक जुळणी सगळे शिकतात. ८० किलोच्या माणसाला कागदावर २७ किलोचा जोर पुरतो, घर्षणामुळे प्रत्यक्षात बराच जास्त लागतो. शिवाय ३० मीटरसाठी ९० मीटर दोर ओढायचा, तोही अडचणीच्या जागी. तिघांसाठी मला वजनाला वजन लावायची पद्धत बरी वाटते. दोर वरच्या कप्पीतून घ्यायचा. एका बाजूला जखमी, दुसऱ्या बाजूला तुमच्यातला एक. तो खाली सरकतो, जखमी वर येतो. मोटेचे बैल धावेवरून उतरताना भरलेली मोट वर यायची, तसंच. खाली सरकलेला गडी जुमारने, म्हणजे दोरावर चढायच्या हातातल्या साधनाने, परत वर चढतो आणि पुन्हा भार देतो. दुसरा कप्पीपाशी दोर उलटा सरकू देत नाही. तिसरा वेगळ्या दोरावर जखमीच्या सोबत, त्याला कातळापासून दूर धरत.

घोटा मोडला असेल तर हे करा. पाठीचा कणा, मांडी किंवा डोक्याला मार असेल तर ओढू नका. एकाने त्याच्याजवळ थांबायचं, दोघांनी मदतीला जायचं. ओले कपडे बदला, अंगाखाली दोराच्या पिशव्या घाला. जमीन ऊब शोषून घेते. २०१४च्या जूनमध्ये जर्मनीतल्या रीझेंडिंग गुहेत सुमारे १,००० मीटर खोलीवर एकाच्या डोक्याला दगड लागला होता. त्याला वर आणायला अकरा-बारा दिवस आणि ७००हून अधिक माणसं लागली. म्हणून निघण्याआधीच शिलाँगच्या मेघालय अ‍ॅडव्हेंचरर्स असोसिएशनशी बोला, कुठे उतरणार आणि किती वाजता वर येणार हे तिथल्या माणसांना सांगून ठेवा.

विहिरीत मात्र नको. वापरात नसलेल्या विहिरीच्या तळाशी खराब हवा साचते, आणि वाचवायला उतरलेला दुसराही तिथेच पडतो. मळ्यात चिंचेची जाड, जिवंत फांदी बघा. हेल्मेट घालून, जमिनीपासून दोन हातांवर सुरुवात करा.