उपचारनिधीला द्यायच्या चित्रांविषयी

नाशिक

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

कर्करुग्णांच्या उपचारनिधीसाठी तू बारा चित्रे देणार, हे वाचून आनंद झाला. मात्र त्यांतली सात न खपलेली जुनी आहेत, या ओळीवर थबकलो. मदतीसाठी मांडलेल्या चित्रात कुणी खोट काढत नाही, लोक भिडेखातर पैसे मोजतात, आणि त्या भिडेमुळेच चित्रकाराचा हात सैल होतो. माझा झाला होता. रामकुंडावरच्या गर्दीचे एक जलरंगचित्र मी अशाच कार्यक्रमाला दिले. लुगडी झळकावीत म्हणून त्यात ऑपेरा गुलाबी सढळपणे वापरला. तो उजेडात विटतो हे ठाऊक असूनही ‘दानाचेच तर आहे’ म्हणून चालवून घेतले. तीन वर्षांनी ते चित्र घेणाऱ्या गृहस्थांच्या दिवाणखान्यात गेलो, तर पायऱ्यांवरच्या सगळ्या बायका फिकुटल्या होत्या. त्यांनी चहा पुढे केला, चित्राविषयी मात्र अवाक्षर काढले नाही. तेव्हापासून ट्यूबवरची टिकाऊपणाची खूण पाहिल्याशिवाय मी रंग उघडत नाही. गुलाबीला क्विनॅक्रिडोन रोझ हा टिकाऊ रंग बरा.

पैशाची वाट आधीच ठरव. ग्राहकाने रक्कम तुझ्या हाती न देता थेट संस्थेच्या खात्यात भरावी. तू वस्तुरूपाने दिलेल्या चित्रावर आयकरातली देणगीची वजावट मिळत नाही, २,००० रुपयांवरच्या रोख देणगीलाही नाही. म्हणून करसवलतीची आशा कुणाला लावू नकोस.

चित्रांवरून शुभेच्छापत्रे छापून विकण्याची तुझी कल्पना मला अधिक आवडली, कारण मूळ चित्र एकदाच विकले जाते. युनिसेफचे पहिले शुभेच्छापत्र १९४९ मध्ये चेकोस्लोव्हाकियातल्या सात वर्षांच्या यित्का साम्कोव्हाच्या चित्रावरून निघाले. कागद नव्हता, म्हणून तिने ते काचेवर काढले होते. मात्र छापण्याची परवानगी लेखी दे आणि तीत मुदत घाल. चित्र विकले तरी १९५७ च्या कायद्यानुसार प्रताधिकार (कॉपीराइट) आपोआप जात नाही, आणि कागदावर मुदत नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते.

ती सात चित्रे तूर्त कपाटातच राहू देत. पाऊस ओसरला की पहाटे नारोशंकराच्या देवळापाशी ये, पाण्याची बाटली आणि जाड कागद घेऊन. नदीवर ऊन चढेपर्यंत तिथे दोन तास चांगले मिळतात.

तुझा,
जुना मास्तर