‘एवढा डाव संपू दे’

प्रश्न : आम्ही काही वर्षांपासून ब्रसेल्समध्ये राहतो. आमचा दहा वर्षांचा मुलगा मोबाइलवरील खेळांतून उठत नाही. जेवायला हाक मारली की ‘एवढा डाव संपू दे’ म्हणतो आणि रविवारी आजी-आजोबांचा व्हिडिओ कॉल आला तरी त्याचे मन खेळातच असते. अर्ध्या तासाची मर्यादा घातली, तर तिच्यावरून रोज भांडण होते. काय करावे?

उत्तर : मर्यादा ठरवण्यापूर्वी त्याच्या शेजारी बसून तो काय खेळतो ते पाहावे, कारण खेळाडूला गुंतवून ठेवण्याचे मार्ग वेगवेगळे असतात आणि एकच नियम सर्वांना लागू पडत नाही.

जुन्या आर्केडमध्ये, म्हणजे नाणे टाकून चालणाऱ्या व्हिडिओ खेळांच्या यंत्रांवर, पकड खेळाच्या रचनेतच असे. तोमोहिरो निशिकादो यांच्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये (१९७८) शत्रू कमी होत जातील तसे उरलेले वेगाने सरकत. मुळात ही प्रोसेसरच्या मर्यादेची करामत होती, कारण आकृत्या कमी झाल्या की त्या भराभर काढल्या जात. पण विजय जवळ येतो तेव्हाच कस लागतो, ही त्यातील गंमत निशिकादोंनी तशीच राहू दिली. ‘पॅक-मॅन’मधील (१९८०) लाल भूत थेट पाठलाग करते, तर गुलाबी भूत पुढची वाट अडवू पाहते, त्यामुळे आपण कुठे चुकलो हे हरणाऱ्याला कळते आणि पुन्हा खेळावेसे वाटते. मेंढीकोटमध्ये हरलेले आजोबाही याच कारणाने ‘आणखी एक डाव’ म्हणतात, आणि त्यात काळजीचे काही नाही. शिवाय आर्केडमध्ये पुढच्या डावासाठी पुन्हा नाणे टाकावे लागे, म्हणून थांबण्याची जागा आपोआप मिळे.

फुकट मिळणाऱ्या मोबाइल खेळाला मात्र खेळाडू दिवसातून अनेकदा परत यायला हवा असतो. ‘कँडी क्रश सागा’ने (२०१२) पाच जीव दिले आणि गमावलेला प्रत्येक जीव अर्ध्या तासाने परत मिळेल अशी सोय केली. ‘क्लॅश रोयाल’ २०१६ मध्ये आला तेव्हा जिंकलेल्या बक्षिसांच्या पेट्या उघडायला तीन, आठ किंवा बारा तास लागत. म्हणजे परत कधी यायचे, हे खेळच ठरवत असे. पेटीत काय निघेल हे ठाऊक नसणे, ही आणखी वेगळी ओढ. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांतील कबुतरे, दाणा किती वेळा टोचल्यावर मिळेल हे अनिश्चित असताना, सर्वांत चिकाटीने टोचत राहत. तुमच्या बेल्जियममध्येच २०१८ साली जुगार आयोगाने पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या अशा काही पेट्या बेकायदा ठरवल्या. फुकट मिळणाऱ्या पेट्यांकडे मात्र तुम्हालाच लक्ष ठेवावे लागेल.

म्हणून कौशल्याच्या खेळासाठी मिनिटांऐवजी डाव मोजावेत. ‘क्लॅश रोयाल’ची लढत साधारण तीन-चार मिनिटांची असते आणि मध्येच उठणारा बहुधा हरतो, तेव्हा ‘आत्ताच्या आत्ता बंद कर’ यापेक्षा ‘जेवणाआधी पाच लढती’ हा करार मुलाला न्याय्य वाटतो आणि पाळताही येतो. वेळेच्या सापळ्यावर चालणाऱ्या खेळांच्या सूचना (नोटिफिकेशन) फोनच्या सेटिंगमधून सरसकट बंद कराव्यात, म्हणजे आठवण करून देण्याचा अधिकार खेळाकडे राहत नाही. खरेदीला पासवर्ड लावावा आणि तो मुलाला सांगू नये.

एका बाबतीत मी तुम्हाला सबुरीचा सल्ला देईन. देश, शाळा आणि भाषा बदललेल्या मुलाचे मित्र पुष्कळदा त्याच खेळातील गटात असतात, आणि सरसकट बंदीने ती मैत्रीही तुटते. मित्रांसोबत खेळण्याची वेळ वेगळी राखून ठेवावी. ती रविवारच्या कॉलच्या आड येणार नाही एवढे पाहावे. त्या कॉलवर त्याला आपला डाव आजोबांना मराठीतून समजावून सांगू द्यावा. ‘कसा आहेस?’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणारी मुले अशा वेळी भरभरून बोलतात.

एवढे करूनही झोप, शाळा आणि माणसे यांच्यावर खेळ सतत मात करीत असेल, तर फॅमिली डॉक्टरांशी बोलावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू असलेल्या वर्गीकरणात गेमिंगच्या विकाराची नोंद आहे. मात्र त्यासाठी ही लक्षणे साधारणतः बारा महिने दिसावी लागतात, त्यामुळे जेवणाच्या वेळच्या भांडणावरून स्वतःच निदान करू नये.