दिंडोरी-वणी रस्त्यावर छोटं विमान उतरवलं तर गुन्हा होतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकेतल्या एका व्हिडिओत छोटं विमान खेड्यातल्या रस्त्यावर उतरतं, पायलट पंपावरून इंधन भरतो आणि पुन्हा उडून जातो. आपल्याकडे दिंडोरी-वणी रस्त्यावर असं केलं तर चालतं का? इंजिन बंद पडलं म्हणून उतरलं तर केस होते का? आणि मावसभावाच्या लग्नाची वरात अशी आणता येईल का?

हौसेखातर उतरायचं असेल तर नाही. इंजिन गेलं असेल तर बिनधास्त उतरा, तेव्हा कोणाची परवानगी लागत नाही. फक्त तेव्हासुद्धा रस्ता ही आपल्याकडे बहुतेक वेळा चुकीची जागा असते.

मी धंद्याने पायलट नाही. खानदेशातल्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये सेसना १५२ या दोन सीटच्या छोट्या विमानावर शिकलो. कमर्शियल लायसन्सला २०० तास लागतात, माझे नव्वदच्या आसपास झाले आणि घरचे पैसे संपले. आता निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग बघतो.

त्या नव्वद तासांतली चार मिनिटं तुमच्या प्रश्नाचीच आहेत. सप्टेंबर होता, हवा दमट, ढग विखुरलेले. मी एकटाच सटाण्याच्या बाजूने परत येत होतो, जमिनीपासून साधारण अडीच हजार फूट वर. इंजिनचे आरपीएम हळूहळू खाली यायला लागले. मी थ्रॉटल थोडा पुढे केला. पुन्हा उतरले, पुन्हा पुढे केला. मग इंजिन खोकायला लागलं. तिथे मला पहिल्यांदा खाली बघायची बुद्धी झाली.

या विमानाचं इंजिन बंद पडलं तर ते दगडासारखं पडत नाही, तरंगत येतं. एक किलोमीटर उंची असेल तर वारा नसताना साधारण नऊ किलोमीटर पुढे जातं. म्हणजे माझ्या हातात सहा-सात किलोमीटर आणि चार मिनिटांपेक्षा कमी वेळ होता. खाली काळा, सरळ, छान रस्ता दिसत होता. डोळा आपोआप तिकडेच जातो, कारण खालच्या सगळ्या ठिगळांमध्ये तेवढंच धावपट्टीसारखं दिसतं. थोडं खाली आल्यावर त्या रस्त्यावर कांद्याचे ट्रॅक्टर दिसले, उमराण्याच्या मार्केटला निघालेले, एकामागे एक. मग दोन्ही बाजूंची कडुनिंबाची झाडं दिसली. विजेच्या तारा शेवटपर्यंत दिसल्या नाहीत, दिसले ते खांब. वरून तार दिसतच नाही. आम्हाला शिकवलं होतं ते हेच, की खांब शोधा आणि दोन खांबांमध्ये तार आहे असं धरूनच चाला.

तोवर मास्तरांचा आवाज डोक्यात आला आणि मी कार्ब हीटची, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये गरम हवा सोडणारी, कळ बाहेर ओढली. इंजिनात जाणारी हवा आणि इंधन जिथे मिसळतं त्या कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरला होता. महाराष्ट्रात सप्टेंबरात बर्फ म्हटलं की लोक हसतात, पण कार्ब्युरेटरच्या गळ्यात हवा इतकी थंड होते की दमट दिवशी बाहेर पंचवीस अंश असले तरी आत बर्फ धरू शकतो. कळ ओढल्यावर इंजिन आधी आणखी वाईट खोकतं, कारण वितळलेलं पाणी आत जातं. त्या आठ-दहा सेकंदांत कळ परत आत ढकलायचा मोह होतो. मी ढकलली नाही, एवढंच माझं कर्तृत्व. इंजिन सुधारलं, मी धावपट्टीवर परत आलो, आणि उशिरा कळ ओढल्याबद्दल मास्तरांनी जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता कायदा. १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या जुन्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ आला. विमान मुद्दाम अशा रीतीने उडवणं की जमिनीवरच्या, पाण्यातल्या किंवा हवेतल्या माणसांना वा मालमत्तेला धोका होईल, याला त्यात दोन वर्षांपर्यंत कैद, एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. वाहता रस्ता, त्यावर माणसं, आणि तुम्ही केवळ मजा म्हणून विमान टेकवलं, तर या कलमातून सुटणं अवघड. वर भारतीय न्याय संहिता आहेच: सार्वजनिक रस्त्यावर अडथळा आणल्याबद्दल कलम २८५, बेदरकारपणे जीव धोक्यात घातल्याबद्दल कलम १२५. २८५ चा दंड पाच हजारांपर्यंतच आहे, त्यामुळे कोणी म्हणेल भरून टाकू. पण खरं दुखणं लायसन्सचं आहे. डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, ते निलंबित केलं की तुमचे लाखो रुपयांचे तास कागदावर राहतात.

काही जण १९३७ च्या विमान नियमांतला नियम ७८ दाखवतात. धावपट्टीला परवाना लागतो तो नियमित विमानसेवेसाठी, किंवा भाडं घेऊन प्रवासी वा माल नेणाऱ्या वारंवारच्या फेऱ्यांसाठी, असं त्यात आहे. मग खासगी माणसाने एकदाच उतरलं तर काय बिघडलं, असा त्यांचा युक्तिवाद. वाचायला बरोबर वाटतं. पण रस्ता तुमचा नाही. तो बांधकाम खात्याचा, जिल्हा परिषदेचा नाहीतर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. आणि तिथपर्यंत पोचण्याआधीच तुम्ही कागदावर अडकता. धावपट्टीभोवती घिरट्या घालण्यापलीकडे कुठेही जायचं तर आपल्याकडे फ्लाइट प्लॅन भरावा लागतो, हवाई दलाकडून एडीसी (हवाई संरक्षणाची मंजुरी) नंबर घ्यावा लागतो, उड्डाण माहिती केंद्राकडून एफआयसी नंबर घ्यावा लागतो. फॉर्ममध्ये कोड नसलेल्या जागेसाठी चार वेळा झेड लिहून पुढे जागेचं नाव द्यायची सोय आहे, हेलिकॉप्टरवाले ती वापरतात. तिथे ‘वणी रस्ता, ढाब्यासमोर’ लिहून बघा, इंजिन सुरू करायच्या आधी फोन येईल.

एवढा कडकपणा कशाला, असं मलाही वाटायचं. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री एका परदेशी विमानाने बंगालमध्ये पुरुलियाला पॅराशूटने शस्त्रं टाकली होती. त्यानंतर कुठलंही अनोळखी विमान हा आपल्याकडे आधी सुरक्षेचा प्रश्न असतो आणि मग वाहतुकीचा. त्यात नाशिकचं आकाश म्हणजे लष्कराचंच अंगण. ओझरला एचएएलच्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या) कारखान्यातली लढाऊ विमानं चाचणीला उडतात, नाशिकच्याच गांधीनगरला सैन्याच्या हेलिकॉप्टर पायलटांचं प्रशिक्षण चालतं, आणि देवळालीला तोफखान्याची फायरिंग रेंज आहे, जिथून गोळे वर जातात. या तिघांच्या मधून हौसेने वाट काढणाऱ्याला मी तरी भाऊ म्हणणार नाही.

अमेरिकेची गोष्ट वेगळी आहे. तिथे केंद्रीय नियमात रस्त्यावर उतरायला सरसकट बंदी नाही. बेदरकारपणा आणि किमान उंची यांचे नियम आहेत, बाकी प्रत्येक राज्याचा कायदा निराळा. काही राज्यं आणीबाणीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर उतरू देत नाहीत. म्हणजे तुमच्या व्हिडिओतला पायलट तिथेसुद्धा कायद्यात बसत होता की नाही, हे राज्य कळल्याशिवाय सांगता येत नाही.

इंजिन गेलं तर मात्र चित्र उलटं होतं. आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या अनेक्स २ मध्ये स्पष्ट आहे की सुरक्षेसाठी अगदी आवश्यक असेल तेव्हा कॅप्टन नियम मोडू शकतो, आणि विमानाबाबतचा शेवटचा शब्द त्याचा. आपल्याकडेही हेच तत्त्व आहे. रेडिओवर तीनदा ‘मेडे’ ही संकटाची हाक द्यायची, रडारला विमानाची ओळख देणाऱ्या ट्रान्सपाँडरवर ७७०० हा आणीबाणीचा कोड लावायचा, आणि मिळेल तिथे उतरायचं. २३ जानेवारी २०२० ला बरेलीहून हिंडनला निघालेलं एनसीसीचं दोन सीटचं विमान गाझियाबादजवळ ईस्टर्न पेरिफेरल एक्सप्रेस-वेवर उतरलं. पंखाचं नुकसान झालं, आतले दोघे सुखरूप होते. ७ जून २०२५ ला केदारनाथच्या वाटेवर एक हेलिकॉप्टर तांत्रिक बिघाडामुळे थेट रस्त्यावर टेकलं, शेपूट उभ्या गाडीवर बसली, प्रवासी वाचले.

उतरल्यावर मात्र विमान हलवायचं नाही. माणसं, जनावरं, टपाल बाहेर काढायला, आग टाळायला किंवा रस्ता मोकळा करायलाच हात लावायची मुभा असते. बाकी सगळं तपास अधिकारी येईपर्यंत जसंच्या तसं. पोलीस येतात, डीजीसीएला कळवावं लागतं, अपघात असेल तर विमान अपघातांचा तपास करणाऱ्या एएआयबीची चौकशी होते. पंप शोधून, इंधन भरून परत उडायचा भाग विसरा. सेसना १५२ समुद्रसपाटीला, वारा नसताना जमिनीवर साधारण १४५ मीटरमध्ये थांबते, पण उडताना पुढचं झाड पार करायला चारशे मीटरच्या वर लागतात. आपण सहाशे मीटर उंचीवर, उन्हात. म्हणजे त्याहून जास्त. उतरता येतं तिथून उडता येतंच असं नाही. पंख काढून ट्रेलरवर घालून नेणं हाच बहुतेक वेळा शेवट असतो.

मग रस्ता का नको? त्या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत दहा मीटरच्या थोडे वर. गावाला जाणारा एकेरी डांबरी रस्ता पावणेचार मीटरचा, दुपदरी सात मीटरचा. म्हणजे दोन्ही पंख साइडपट्टीवर, मैलाच्या दगडावर, बाभळीवर. वारा रस्त्याच्या दिशेनेच वाहील असंही नाही, आणि ऐनवेळी पूल, वळण, स्पीडब्रेकर निघतो. वर ज्याची काही चूक नाही असा कोणी मोटारसायकलवर पोरांना शाळेत सोडत असतो. हेच मला सगळ्यात जास्त खटकतं. विमानात बसणाऱ्याने धोका निवडलेला असतो, त्याने नाही. नाइलाजाने रस्ताच उरला, तर वाहतुकीच्या दिशेने उतरायचं, समोरून नाही. टेकताना विमानाचा वेग गाडीएवढाच असतो, त्यामुळे मागच्याला ब्रेक मारायला वेळ मिळतो.

समृद्धीबद्दलही लोक विचारतात. सिन्नरजवळ ती सरळ आणि रुंद आहे हे खरं. पण मधला दुभाजक, दिशादर्शक कमानी, वरून जाणारे पूल आणि ताशी १२० ने येणाऱ्या गाड्या हे सगळं तिथेच आहे. हवाई दल ज्या महामार्गांवर उतरतं ते तुकडे मुळात धावपट्टी म्हणूनच बांधलेले असतात: बाडमेर-जालोरकडे सत्ता-गांधव भागात ९ सप्टेंबर २०२१ ला उद्घाटन झालेला तीन किलोमीटरचा, सुलतानपूरला पूर्वांचल एक्सप्रेस-वेवरचा ३.२ किलोमीटरचा. जाड काँक्रीट, काढता येणारा दुभाजक, आणि उतरण्याआधी वाहतूक बंद. ऑस्ट्रेलियात आयर हायवेवर फ्लाइंग डॉक्टरच्या विमानांसाठी असे तुकडे आखून ठेवलेत, पाट्यांसकट. तिथे शंभर-शंभर किलोमीटर माणूस नसतो. आपल्याकडे वणीच्या रस्त्यावर शंभर मीटर माणूस नसलेला दाखवा.

शेत निवडा म्हटलं, तर आमचा भाग त्यातही खोडकर. माझे नाना मला म्हणायचे, ‘आपल्या बागेवरून जाशील तेव्हा उतर जरा, चहा घेऊन जा.’ नानांना कसं सांगणार की द्राक्षबाग ही सगळ्यात वाईट जागा आहे? वरून हिरवी गादी दिसते, आत वेलींना आधार देणारे वाय आकाराचे लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारा. २७ जून २०१८ ला वावी-ठुशीला चाचणीवरचं सुखोई पडलं तेही बागांच्या भागातच, आणि ४ जून २०२४ ला शिरसगावला दुसरं. दोन्ही वेळा पायलट इजेक्ट होऊन, म्हणजे सीटसकट बाहेर फेकले जाऊन, वाचले. सेसनाला इजेक्शन सीट नसते. ऊस वरून मऊ वाटतो, पण उंच असतो आणि पुढचं चाक त्यात गुंतून विमान पालथं होतं. कांद्याला वाफ्यांचे बांध. बरं म्हणावं ते गहू काढून नेलेलं, अजून न नांगरलेलं रान, आणि नांगरलेलं असेल तर नांगराच्या तासांच्या दिशेने उतरायचं, आडवं नाही. टेकण्याआधी इंधन बंद, मास्टर स्विच बंद, दार अर्धवट उघडं, म्हणजे सांगाडा वाकला तरी दार अडकत नाही. शेतकऱ्याची नुकसानभरपाई नंतर बघता येते.

राहिलं लग्न. विमानाचा नाद सोडा, हेलिकॉप्टर घ्या. निवडणुकीत नेत्यांची हेलिकॉप्टरं कॉलेजच्या मैदानात फक्कीने काढलेल्या एच वर उतरतात, ते तात्पुरतं हेलिपॅड असतं. जागामालकाची लेखी संमती, जिल्हा प्रशासन आणि पोलिसांची परवानगी, अग्निशमनाचा बंब, भोवती बॅरिकेड, आणि जागेवर पाणी मारलेलं, नाहीतर धुरळ्यात वरमाईची पैठणी गेलीच. चार्टर कंपनीला जागेचा नकाशा आधी मागू द्या. तारा कुठून जातात हे त्यात दाखवा, आणि ती जागा दिवसा एकदा स्वतः चालून बघा. मंडपवाल्याला सांगा, मंडप हेलिपॅडपासून लांब घाल. हे शेवटचं कोणी ऐकत नाही.