टेन्शनमध्ये छाती धडधडायला लागली की लगेच शांत कसं व्हायचं?

भावा, त्या टायमाला 'शांत हो, शांत हो' असं मनाला सांगत बसू नकोस, उलट जास्तच धडधडतंय. श्वासाकडं बघ. 4 मोजत नाकानं आत घ्यायचा आणि 6-8 मोजत निवांत सोडायचा, असं दोन-तीन मिनिटं. सगळे 'खोल श्वास घे' म्हणतात पण खरी मेख सोडण्यात आहे, कारण श्वास सोडताना व्हेगस नर्व्हमुळं (मेंदूकडनं हृदयाकडं जाणारी नस) ठोके मंदावतात आणि घेताना वाढतात, मनगटावर बोट ठेवून बघ, कधीकधी कळतंय पण. चक्कर आल्यागत झालं तर थांबायचं.

तोंडावर गार पाणी मारलं तरी बरं वाटतं.

आणि टेन्शन आलं की टपरीवर पळायची आपली सवय, तिसऱ्या कटिंगनं धडधड वाढणारच की, त्यात कॅफिन असतंय. त्यापेक्षा सांजचं रंकाळा तलावावर चालून ये, मोबाईल खिशात ठेवून (भेळ खाल्लीस तर चालतंय).

रोजच असं होत असेल, झोप उडाली असेल तर 14416 ला फोन लाव, टेली मानस म्हणून सरकारी हेल्पलाईन आहे, फुकट, मराठीत बोलता येतं. छातीत दुखून घाम फुटला तर मात्र हे काही करत बसू नको, सरळ दवाखाना गाठ.