रंग शेवटी

अरे पोरा,

तुझा मेसेज दोनदा वाचला. तुम्ही जपायला घेतलेल्या डब्ल्यूडीएम-2 ला, त्या जुन्या डिझेल रेल्वे इंजिनला, जुना रंग द्यायचा की शेवटी शेडमध्ये होता तो, यावरून तुमच्यात भांडणं चाललीत आणि तुला काही सुचत नाहीये. प्रश्नच चुकलाय रे. गेल्या पावसाळ्यात धुराची चिमणी झाकली होती का, हे कोणी विचारलं?

त्या उघड्या तोंडातून पाणी टर्बोत, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्यात उतरतं, तिथून मॅनिफोल्डच्या नळीत आणि मग ज्याचा व्हॉल्व्ह उघडा राहिलाय त्या सिलिंडरमध्ये. 16 सिलिंडरचं इंजिन, बंद पडलं की काही व्हॉल्व्ह उघडे राहणारच. आत लायनर, म्हणजे सिलिंडरचं अस्तर गंजतं, पिस्टनच्या रिंगा धरून बसतात, बाहेरून मात्र वरातीचा घोडा. म्हणून म्हणतो, रंग शेवटी.

हे शहाणपण नाही, माझं पाप आहे. रिटायर झाल्यावर एका म्युझियममध्ये मदतीला जायचो. पाहुणे येणार म्हणून आम्ही, म्हणजे मीच पुढे होतो, तिथल्या एका इंजिनची बॉडी पार पत्र्यापर्यंत घासली. घासताना खाली जुन्या शेडचं नाव निघालं, त्याखाली अजून एक रंग, त्या इंजिनची अख्खी नोकरी त्या थरांत होती आणि आम्ही एक फोटोही काढला नाही. तू म्हणशील काका, तुम्हीच केलंत की. केलं. पण पैसे रंगाला मंजूर झाले होते, ताडपत्रीला नाही, आणि मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कोणी घासलं असतं. असं मी स्वतःला सांगतो. पुढच्या वर्षी बारिंग रॉड, म्हणजे इंजिन हाताने फिरवायची पहार, लावून सहा जण लटकलो, क्रँक तसूभर हलला नाही.

दिल्लीच्या म्युझियममधलं 'कुंदन' माहितीये ना, 18040, वाराणसीत जोडलेलं पहिलं. ते पहिलं म्हणून वाचलं. बाकी 2600 अश्वशक्तीची ही अल्को, म्हणजे त्या अमेरिकन कंपनीच्या डिझाइनची डब्ल्यूडीएम-2, एकेकाळी इतकी होती की जपायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. आणि तुम्हाला तिचा काळा धूर आवडतो, ठीक आहे, नॉच, म्हणजे ड्रायव्हरच्या हँडलचा टप्पा, वाढवला की डिझेल आधी जातं आणि टर्बोची हवा मागून येते म्हणून तो धूर, आम्हाला त्यावरून शिव्या बसायच्या.

तर आधी चिमणी झाक. रेडिएटर आणि ब्लॉकमधलं पाणी काढ. टेस्ट कॉक, म्हणजे सिलिंडरचे छोटे नळ, उघडून महिन्यातून एकदा हाताने क्रँक फिरव, थांबेल तिथे खडूची खूण कर, पुढच्या वेळी दुसरीकडे थांबव. बॅटरीवर डायरेक्ट इंजिन फिरवायचा मोह आवर, सिलिंडरमध्ये पाणी असलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग रडत बसशील. रंग शेवटी! किती वेळा सांगू.

रविवारी सकाळच्या गाडीने येतोय. कॉटन वेस्ट आणि टॉर्च आणून ठेव, रंगाचं कार्ड घरीच ठेव.